वहीतलं दूध

नलूचा फॉर्म चार दिवसांपासून तुरीच्या डाळीच्या डब्याखाली होता. बापाच्या सहीची जागा तेवढी कोरी, बाकी सगळा भरलेला. इंदूबाई डबा उचलायची, फॉर्म जागेवर आहे ना बघायची आणि डबा परत ठेवायची. आज सकाळपासून तिनं तीनदा डबा उचलला होता. आणि आज तर घरात डाळ शिजणारच नव्हती. पाहुण्यासाठी बेसन होतं.

पाहुणे म्हणजे राळेगावच्या शाळेतले सदाशिवराव गुरुजी. महिन्यापूर्वी ते खेळाच्या सातही वह्या वाचायला घेऊन गेले होते. आज त्या परत आणणार होते आणि जाताना नलूचा फॉर्म नेणार होते. उद्या पहिल्या बसनं त्यांना यवतमाळला जायचं होतं. मास्तरणींच्या ट्रेनिंगचे फॉर्म घ्यायचा उद्याचाच दिवस शेवटचा.

डोमाजी सही करत नव्हता. तो नाही म्हणत नव्हता, तेच वाईट होतं. नाही म्हटला असता तर भांडता आलं असतं. तो फक्त म्हणायचा, "खेळ होऊ दे." खेळ वैशाखी पौर्णिमेला. पौर्णिमा पाच दिवसांवर.

दीक्षा घेऊन नागपूरहून आले त्याच साली डोमाजीनं दंडारीचा नाच-खेळ सोडला होता. त्याच्या बापानं आणि आज्यानं ज्या देवांची सोंगं नाचवली, ती त्यानं गावाबाहेर नेऊन जाळली आणि ढोलकी खुंटीला टांगली. मग पुढचं एक वर्ष गावात खेळ नव्हता. माणसं संध्याकाळी पाराशी येऊन बसत आणि काही न बोलता उठून जात. डोमाजीचं जेवण कमी झालं. आणि मग एक दिवस ग्रामपंचायतीच्या रेडिओनं सांगितलं की रशियानं यंत्रात बसवून एक कुत्री आभाळात सोडली. इंदूबाई तेव्हा बाहेर पंचायतीचं अंगण झाडत होती. झाडता झाडता ती थांबली. आत बसलेल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं, "अन् तिले खाली कोन आननार?"

आत कोणीतरी रेडिओचा आवाज वाढवला.

त्या साली कापूस वेचताना पाठीला ओटी बांधून ती बायांच्या ओळीत वाकली आणि बोलायला लागली. आपल्याच गावातून एक यान निघालं, त्या कुत्रीला आणायला. कुत्रीचं नाव चांदी. बाया वेचता वेचता विचारत, यान कायचं? खातात काय? तथी पानी असते काय? इंदूबाई सांगत जायची. ओळ संपेपर्यंत यान चंद्राच्या पलीकडे गेलं होतं. संध्याकाळी चुलीपाशी तिनं दहा वर्षांच्या नलूला चौथीची वही काढायला लावली. "मी सांगते ते समदं लिही. एक अक्षर सोडू नको."

सात वर्षं झाली त्याला. दर वैशाखी पौर्णिमेला खेळाचा एक भाग. मारेगावकडून बैलगाड्या येत. चांदी अजून सापडली नव्हती.

पडद्यामागचं काम सगळं बायांचं. डोमाजीच्या भावाची, पंजाबरावची बायको प्रभावती आषाढात भोपळे लावायची. कार्तिकात ते छपरावर वाळायचे, होळीनंतर ती त्यांना आतून खरवडून यानातल्या गड्यांची डोकी करायची. पंजाबरावचं डोकं मोठं, म्हणून त्याच्या वेलाला जास्तीचं शेणखत. तांड्यावरची रुपीबाई काळ्या लुगड्यावर आरसे टाचून द्यायची, पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्या चांदण्या व्हायच्या. आणि भोपळा डोक्यात घातल्यावर कोणाला काही ऐकू येत नसे, म्हणून प्रत्येकाच्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधलेला असायचा. दोऱ्यांची टोकं पडद्यामागं इंदूबाईच्या हातात. एक झटका म्हणजे बोल. दोन झटके म्हणजे चूप बस.

आणि पाटीवर लिहिलेलं असायचं, रचना : डोमाजी.

इंदूबाईला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. निदान तिनं कधी वाटून घेतलं नाही. वही कशाला लागते हे मात्र तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं. गड्यांपैकी एकालाही वाचता येत नव्हतं. वही नलू वाचून दाखवायची, गडी ऐकून पाठ करायचे. तेच शब्द इंदूबाईच्या तोंडून घ्या म्हटलं असतं, तर एकही गडी तालमीला आला नसता. कागदापुढं बसायला कोणाला कमीपणा वाटत नाही.

म्हणून नलू हवी होती. म्हणून सही होत नव्हती.

सायकलची घंटी वाजली तेव्हा दुपार कलायला लागली होती. अंगणात कडुलिंबाखाली पंजाबराव भोपळा घालून बघत होता. गुरुजींना पाहून त्यानं घाईत तो काढायला घेतला आणि तो कानाशी अडकला.

"राहू द्या, राहू द्या, पंजाबराव," गुरुजी हसले. "चंद्रावरून उतरताय, वेळ लागणारच."

"येक कान चंद्रावरच राह्यते वाटते," प्रभावती ओसरीतून म्हणाली.

डोमाजीनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. नलूनं जपून ठेवलेला पितळी तांब्या काढला होता. गुरुजींनी पिशवीतून सात वह्या काढून मांडीवर ठेवल्या. इंदूबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली, एक डोळा बाहेर.

"डोमाजी, मी या साऱ्या वाचल्या," गुरुजी म्हणाले. "दोनदा वाचल्या. यवतमाळला एक साप्ताहिक निघतं, त्याचे संपादक माझ्या ओळखीचे. त्यांना पहिला भाग वाचून दाखवला. ते म्हणाले, दर आठवड्याला छापू."

"छापू?" डोमाजीचा आवाज बारीक झाला.

"तुमच्या नावानं."

पंजाबरावनं भोपळा मांडीवर घेतला. "दादा, यवतमायले नाव जाते तुयं!"

डोमाजीनं मिशीवर हात फिरवला. इंदूबाईला त्याचा तो हात ओळखीचा होता. आनंद झाला की तो आधी मिशी दाबतो, कोणी हिसकून नेईल असा. आता विचारावं, तिच्या मनात आलं. आता खुशीत आहे, आता फॉर्म पुढं करावा. तिनं डबा उचलला.

"फक्त एक शंका आहे," गुरुजी म्हणाले.

तिनं डबा खाली ठेवला.

गुरुजींनी पहिली वही उघडली. "यान मंगळाजवळ येतं. सरदार म्हणतो, 'गड्याइनो, समोर लाल गोळा दिसते तो मंगळ. आता जपून. नले, पाह्य वो, दूध उतू जाऊन राह्यलं.'" त्यांनी वर पाहिलं. "हे दूध कुठून आलं?"

पंजाबरावच सरदार होता. पहिल्या वर्षी त्यानं ते वाक्य तसंच पाठ केलं होतं आणि तसंच म्हटलं होतं, छाती काढून, मंगळाकडे हात करून. लोक इतके हसले की पाराखालची माणसं लोळली. तेव्हापासून दर वर्षी दुधाचं वाक्य घालावंच लागायचं. ते आलं नाही तर लोक ओरडायचे, "दूध! दूध!"

"दूध लागते, गुरुजी," डोमाजी म्हणाला. "लंबा प्रवास हाये."

"यानात म्हैस नेली होती का?"

"डब्यातलं," पंजाबराव मदतीला आला.

"बरं. आणि ही दुसरी वही. चंद्राच्या डोंगरावर पाच जण उभे आहेत. यंत्रवाला म्हातारा म्हणतो, 'इथून धरती निळी दिसते. प्रभे, त्या लेकराले उचल, ओलं झालं ते.'"

म्हाताऱ्याचं काम डोमाजीकडे होतं. ओसरीत प्रभावतीनं तोंडाला पदर लावला.

"ते आम्ही गाळलं होतं," पंजाबराव पडेल आवाजात म्हणाला.

नलू खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. समदं लिही, एक अक्षर सोडू नको. दहा वर्षांच्या पोरीनं आईचा शब्द पाळला होता. पुढं ती शहाणी झाली, तिसऱ्या वहीपासून चुलीचं बोलणं गाळून लिहायला लागली. पण पहिल्या दोन वह्या पुन्हा उतरवून काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं. वाचणारं घरात दुसरं होतं कोण?

गुरुजी वहीतून मान वर करून थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

आता हा माणूस बोलणार. चारचौघांत बोलणार. आणि एकदा का डोमाजीची मान खाली गेली, की तो सही करणार नाही, आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. ती पदर सावरत दाराबाहेर आली. सात वर्षांत पहिल्यांदा ती पाहुण्यासमोर अशी मधेच आली होती.

"माहीच चूक हाये ते, गुरुजी," ती म्हणाली. "हे सांगत, पोट्टी लिहे. मी चुलीपाशी. मी मधात मधात बोललेलं बी तिनं लिहून घेतलं. लहान होती."

"असं होय," गुरुजी म्हणाले.

डोमाजीनं श्वास सोडला.

"मग तर उत्तमच झालं." गुरुजींनी खिशातून पेन काढलं आणि वहीच्या मागचं कोरं पान उघडलं. "नलूवाचून तुमचं अडतं असं मला वाटत होतं, डोमाजी. म्हणून सही राहिली, हो ना? पण तुम्ही सांगता, ती लिहिते. मग लिहायला कोणीही चालेल. सांगा. आठवा भाग. मी उतरवून घेतो."

हा माणूस भोळा आहे की खोडकर, इंदूबाईला कळेना. पेन कागदावर टेकलेलं होतं.

डोमाजी समोर बघत राहिला. आणि इंदूबाईला दिसलं, घोंगड्यावर टेकलेल्या त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. वर, खाली. दोरा शोधत होता. दोरा आज बांधलेला नव्हता.

"पानी पिऊन येतो," तो म्हणाला आणि उठला. तांब्या त्याच्या समोरच भरलेला होता.

आत येऊन तो माठापाशी उभा राहिला. पाणी घेतलं नाही.

"त्याले समजलं," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"समजू द्या."

"समजू द्या म्हनते! सात गावची मानसं मले रचनाकार म्हनते. मारेगावचा पाटील खुर्ची देते मले. तुले काय, तू पडद्यामांगं."

"मी पडद्यामांगंच हाओ," इंदूबाई म्हणाली. "मले तथून निघाचं नाई. पोट्टीले निघू द्या."

"ते गेली त मी उघडा पडतो, नलूची माय." त्याचा आवाज कापला. तिला वाटलं होतं तो ओरडेल. "गडी येतीन तालमीले, अन् मी काय दाखवू त्याइले? कोरी वही?"

तिनं डबा उचलला. फॉर्म काढला. त्याला डाळीचा वास लागला होता.

"आयका," ती म्हणाली. "छापाचं ते तुमच्याच नावानं छापू द्या. पाटीवर बी तुमचंच नाव राहू द्या. मी कोनाजवळ बोलनार नाई, नलू बोलनार नाई. फक्त ह्या कागदावर सही करा."

"अन् गड्याइची भाषनं? कोन वाचून दाखवीन?"

"वाचाचं काय काम हाये त्यात? मले पाठ हाये. मी सांगीन."

"गड्याइले? तू?" तो तिच्याकडे बघत राहिला, जणू तिनं अंगणात नाचायचं म्हटलं. "पंजाब बाईच्या तोंडून भाषन घेईन काय? उठून जाईन तो."

"पंजाबभाऊचं मी विचारून राह्यली नाई. तुम्ही घेसान काय, तेवढं सांगा."

तो माठावरचं झाकण सारखं करत राहिला. पण बाहेर पंजाबरावचे कान भोपळ्यात नव्हते. तो दारात येऊन उभा राहिला.

"काय चालू हाये हे? वयनी, तुम्ही तालीम घेनार? आमची?" तो हसला, पण हसू नीट आलं नाही. "दादा, सांगून ठेवतो. गावात तोंड दाखवाले जागा राहनार नाई. चांगली दोन वर्सं थांबली पोट्टी त काय बिघडते? पुढच्या वर्सी बी ट्रेनिंग हाये, तथं काय आग लागून राह्यली?"

"पुढच्या वर्सी बी तुम्ही हेच म्हनसान," प्रभावती त्याच्यामागून म्हणाली.

"तू चूप बस!"

"काहून चूप बसू? सात वर्सं बाईच्याच तोंडचं बोलून राह्यले तुम्ही. मधात कागद होता, येवढंच." तिचा आवाज चढला आणि गुरुजी अंगणात आहेत हे आठवून तिनं तो खाली आणला. "मंगळासमोर उभं राहून दूध उतू गेलं म्हनलं, तवा नाई लाज वाटली. ते कोनाचं दूध होतं? ह्या चुलीवरचं."

पंजाबराव बायकोकडे बघत राहिला. पंधरा वर्षांच्या संसारात प्रभावती जावेच्या बाजूनं त्याच्यासमोर कधीच उभी राहिली नव्हती. दोघी जावांचं पाण्यावरून, सरपणावरून वाजायचं, आठ-आठ दिवस बोलणं बंद असायचं. इंदूबाईलाही ते नवीनच होतं. तिला प्रभावतीकडे बघायचं धाडस झालं नाही.

"रशियाची बाई बी जाऊन आली वर," प्रभावती पुटपुटली. "नलूनंच वाचून दाखवलं होतं. तिले त कोनी इचारलं नाई, गावात तोंड कसं दाखवशीन म्हनून."

"मग जाय तू बी!"

"जाते. भोपळा कोन करून देईन मंग तुमच्या डोक्याचा?"

बाहेर गुरुजी खाकरले. सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. "डोमाजी, ऊन उतरलं. मला निघायला हवं. रस्त्यात अंधार झाला तर पंचाईत."

इंदूबाईनं फॉर्म पुढं धरला. डोमाजीनं कागदाकडे पाहिलं, मग दाराबाहेर, मग भावाकडे. पंजाबरावनं मान फिरवली.

"नाव माहंच राहीन?" डोमाजीनं विचारलं.

"तुमचंच."

त्यानं फॉर्म घेतला आणि अंगणात गेला. गुरुजींच्या पेनानं, वह्यांचा गठ्ठा पाट म्हणून घेऊन, त्यानं सही केली. रात्रीच्या वर्गात तो तेवढंच शिकला होता, स्वतःचं नाव. एकेक अक्षर थांबून, दाबून. नलू श्वास धरून उभी होती. म ला काना देताना त्याचा हात अडला तेव्हा तिचे ओठ हलले, पण तिनं सांगितलं नाही. त्यानंच दिला.

गुरुजींनी फॉर्म घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग क्षणभर थांबले.

"आणि साप्ताहिकासाठी? रचनाकाराचं नाव काय कळवू?"

ते विचारताना ते डोमाजीकडे बघत नव्हते. डोमाजीनं तोंड उघडलं. तो काय बोलणार होता ते इंदूबाईला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तिनंच घाई केली.

"त्याइचंच," ती म्हणाली. "डोमाजी. पाटीवर हाये तसंच."

"माय!" नलू ओरडली. "अवो पन..."

"चूप राह्य तू."

"इंदूबाई, नीट विचार करा," गुरुजी हळू म्हणाले. "एकदा छापलं की छापलं."

"गुरुजी, तुम्ही मधात नका पडू. फॉर्म तेवढा पोचवा. घामानं भिजू देऊ नका."

सायकल वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. फॉर्म गेला. आता तो कोणी परत आणू शकत नव्हतं. तरी तिचा जीव भांड्यात पडेना. नलू रडत नव्हती, हसत नव्हती. ती आईकडे अशी बघत होती की इंदूबाईला तिच्याकडे बघवलं नाही. रागानं बघत होती पोरगी. राहू दे राग. राग घेऊन जाईल, पण जाईल.

तेवढ्यात तालमीचे गडी यायला लागले. उकंडा आला, त्याचे दोघे चुलतभाऊ आले. भोपळे घेऊन नेहमीसारखे कडुलिंबाखाली बसले. पंजाबराव कुंपणापाशी जाऊन उभा राहिला, पाठ करून. गेला मात्र नाही.

"नलू, काढ वही," उकंडा म्हणाला. "आठवा भाग हाय ना? आयकव लवकर."

नलूनं बापाकडे पाहिलं. सगळ्यांनीच डोमाजीकडे पाहिलं. इंदूबाई दारात उभी होती. चुलीपाशी, कापसाच्या ओळीत ती तासन्‌तास बोलली होती. पण इथं, गड्यांच्या तोंडासमोर, पहिला शब्दच तिला सापडेना.

डोमाजी उठला. इंदूबाईला वाटलं, आता तो खेळ नाही म्हणणार, ढोलकी पुन्हा खुंटीला टांगणार. तो अंगणाच्या मधोमध आला. तिच्यासमोर चार हात अंतरावर खाली बसला, मांडी घालून, जसे गडी नलूच्या वहीपुढं बसायचे तसा.

"यंदा वही नाई," तो गड्यांना म्हणाला, त्यांच्याकडे न बघता. "नलूची माय सांगते. आयका." मग तिच्याकडे मान करून, "माहं पहिलं वाक्य सांग."

उकंडानं भोपळा बाजूला ठेवला. कोणीतरी खोकलं. कुंपणापाशी पंजाबराव हलला नाही.

इंदूबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. "म्हातारा यानातून खाली पाह्यते," ती म्हणाली. आवाज तिचाच होता की नाही, तिला ओळखू आला नाही. "अन् म्हनते, 'गाव दिसत नाई इथून. पन तथी कोनी झाडून राह्यलं असन, त त्याचा आवाज मले येते.'"

डोमाजीनं डोळे मिटले. "गाव दिसत नाई इथून," तो म्हणाला. "पन तथी कोनी... कोनी बसून राह्यलं असन..."

इंदूबाईनं एकदा नलूकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तसं नाई," ती म्हणाली. "पुन्हा म्हना."

त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.